मोठ्यानं न वाचायचं पत्र

नागापूर एमआयडीसी, नगर
ता. १४ सप्टेंबर १९९९

ती. यशोधराताईस,
धाकट्याचा सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र कारखान्याच्या कँटीनमध्ये बसून लिहितोय. उत्तरही कारखान्याच्याच पत्त्यावर पाठव. आपल्या घरी पत्र आलं की काय होतं ते तुला माहीत आहे. आबा साऱ्या आळीची पत्रं मोठ्यानं वाचून दाखवायचे. ते गेल्यावर आईनं ते काम सुनेला दिलं. जयमाला वाचते, आई ऐकते आणि शेजारचे छगनमामा दारात उभे राहून मान डोलावतात. लपवलेलं पत्र म्हणजे वाईट बातमी, असं आईचं ठाम मत आहे. म्हणून आजवर मी तुला पाऊसपाणी आणि तब्येती यापलीकडे काही कळवलंच नाही.

बातमी चांगली आहे, हीच पंचाईत आहे. कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारं नवं मशीन आलंय आणि साहेबांनी त्यासाठी माझं नाव दिलंय. घरी पेढे वाटून झाले. पण हातानं चालवायच्या जुन्या लेथवर डोळे मिटून काम करणारा मी, त्या नव्या मशीनजवळ गेलो की छाती धडधडते, तळहातांना घाम फुटतो. रात्र रात्र झोप नाही. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, हृदय ठणठणीत आहे म्हणाले. मग हे काय आहे? दिवाळीआधी साहेबांना हो की नाही ते सांगायचंय. नाही म्हणावं असं मनात येतं. ताई, मला भीती वाटते. हे मी कुणाला सांगू?

घरच्या पत्रात यातलं अक्षर लिहू नकोस. माया आहेच, थोडी जास्त लाव.
तुझा,
प्रशांत

---

पुणे
ता. १९ सप्टेंबर १९९९

चि. प्रशांत यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, तेही मनातल्या मनात. तू लिहिलंस ते फार बरं केलंस. आधी राग आला, मग रडू आलं, मग डबा भरला आणि कामावर गेले.

आमच्या समुपदेशन केंद्रात तुझ्यासारखी माणसं रोज येतात. कुणाची बदली झालेली असते, कुणाचं लग्न, कुणाला बढती मिळालेली असते. चांगल्या गोष्टीनंसुद्धा माणूस हादरतो. त्याला वेड म्हणत नाहीत. पण तुला सल्ला मी देणार नाही. मी तुझी बहीण, माझा निम्मा सल्ला आणि निम्मी बोलणी. शिवाय तुला बरं वाटावं म्हणून तू मला खोटं लिहिशील, हेही मला पक्कं ठाऊक आहे.

यंदापासून आमच्या सकीना मॅडम ई-मेलवरून लोकांशी बोलतात. तुमच्या नगरात सावेडीला इंटरनेटचं दुकान उघडलंय म्हणे, तिथं जा. मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलीस तरी चालेल. पत्ता मागे लिहिलाय. तू काय लिहिलंस ते त्या मलाही सांगणार नाहीत, आणि मी विचारणारही नाही.

लहानपणी आबांचा रेडिओ खोलून परत जोडलास तेव्हा तीन स्क्रू उरले होते, आठवतंय? तरी तो वाजला होता. त्या दिवशी तुला कुठली भीती होती रे?

जेवणाची आबाळ करू नकोस आणि आमची आठवण ठेव.
तुझी,
ताई

---

नागापूर
ता. १० ऑक्टोबर १९९९

ती. ताईस,
सविनय जयभीम.

घोटाळा झालाय. आधी चांगलं सांगतो. दुकान सापडलं. परवेझभाई आणि त्यांची बायको अफ्रीन मिळून ते चालवतात. एकेक अक्षर शोधत मी सगळं लिहिलं. मॅडमनी घाबरू नका असं लिहिलं नाही, हे मला आवडलं. धडधड कधी सुरू होते, तेव्हा मनात काय येतं, असं विचारलं. रोज थोडा वेळ मशीनजवळ नुसतं उभं राहा, श्वास सावकाश सोडा आणि काय वाटलं ते मला कळवा, एवढंच सांगितलं. मी उभा राहतोय. पहिले दिवस वाईट गेले. आता धडधडतं, पण मी पळत नाही.

आता घोटाळा. पत्र आलं की मोठ्यानं वाचायचं, हेच आपल्याला शिकवलेलं. मॅडमचं पहिलं उत्तर समोर आलं आणि मी ते दुकानात खणखणीत आवाजात वाचायला लागलो! अफ्रीनभाभींनी खुणावलं तोवर निम्मं वाचून झालं होतं. मागे कोण बसलेलं असावं? भाच्याचा निकाल बघायला आलेले आपले छगनमामा.

संध्याकाळी मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली, प्रशांतचं डोकं बिघडलंय आणि तो कॉम्प्युटरपुढं रडतो. जयमाला म्हणाली, यंत्राला सांगितलंत, बायकोला नाही. आई तर बोलतच नाही, समोर ताट सरकवते. मशीनची भीती परवडली. मामांची ऐकण्यात चूक झाली असं सांगून टाकू का?

लगेच कळव. तुझ्या मायेच्या भरवशावर आहे.
प्रशांत

---

पुणे
ता. १५ ऑक्टोबर १९९९

चि. प्रशांत,
आशीर्वाद. खोटं बोलू नकोस. अर्धं आळीनं ऐकलंय, उरलेलं आईनं तुझ्याच तोंडून ऐकू दे. आपल्या घरच्या पद्धतीनं, मोठ्यानं.
ताई

---

नगर
ता. १२ नोव्हेंबर १९९९

ती. ताईस,
सविनय जयभीम. हे पत्र घरी बसून लिहितोय.

तू सांगितलंस तसं केलं. मॅडमची पत्रं छापून आणली आणि जेवणं झाल्यावर आईसमोर वाचली, माझी उत्तरंसुद्धा. दोनदा अडखळलो. तेव्हा जयमालानं कागद घेतला आणि पुढचं तिनं वाचलं. भांडण तिथंच मिटलं. आई खाली मान घालून ऐकत होती. मधेच म्हणाली की ते छातीचं परत वाच, अंधार पडला की सुरू हुतं त्ये. अंधाराचं त्यात काही नव्हतं, तरी मी परत वाचलं. मग ती उठून भांडी घासायला गेली.

दिवाळीआधी साहेबांना हो सांगितलं. काल दुपारच्या पाळीत त्या मशीनवर माझा पहिला जॉब, म्हणजे पहिला सुटा भाग, निघाला. मापात निघाला, ताई! हात ओले होते, पण निघाला. मॅडमना अजून लिहितो, दर आठवड्याला.

खरी बातमी पुढे आहे. काल सकाळी आई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी राहिली. मलाबी त्या सावेडीच्या दुकानात घिऊन चल म्हणाली. मला वाटलं, तुला काही कळवायचं असेल. तिथं गेल्यावर तिनं मला बाहेर थांबायला सांगितलं. अफ्रीनभाभींजवळ बसली आणि मॅडमला लिहायचंय म्हणाली. वर मला बजावलं की ह्ये वाचून दाखवायचं न्हाई, तुलाबी न्हाई आन् जयमालालाबी न्हाई.

मी पायरीवर बसून राहिलो. काचेतून दिसत होतं. आई बोलत होती, भाभी टाइप करत होत्या. बराच वेळ. आबा गेल्यापासून आईला इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. बाहेर आल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि उत्तर किती दिवसांनी येतं, एवढंच विचारलं. मी सांगितलं. तिनं काय लिहिलं ते मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही.

आम्हा सगळ्यांवर तुझी माया आहे, ती अशीच असू दे.
तुझा,
प्रशांत

ता. क. हे पत्र पेटीत टाकण्याआधी घरात मोठ्यानं वाचलं. शेवटचा भाग आला तेव्हा आई हसली.