कागदावरचं दुसरं नाव

७ एप्रिल
जानेवारीनंतर वही आज उघडली. क्षमा मागायची तर वहीचीच. दुसऱ्या कुणाचं काही अडलेलं नव्हतं. कारण एवढंच की घरात बसून लिहायला जागा राहिली नाही. हॉलमध्ये विलास, त्याचा फोन कायम स्पीकरवर. सुट्टी असली की इचलकरंजीहून त्याचा मेहुणा येतो आणि दिवसभर दिवाणावर झोपतो. मी चपला हातात घेऊन माझ्याच घरात...
'माझ्याच' खोडावं का? भाड्याचं घर, आणि त्यातलं निम्मं विलासचं.

९ एप्रिल
सांगलीहून मनूचा फोन. अकरावी कोल्हापुरात करायची म्हणते. "बाबा, तुझ्याकडे राहीन." घटस्फोटानंतर हे तिनं आपणहून पहिल्यांदाच म्हटलं. मी नुसता हो हो करत राहिलो.
मग नीतानं फोन घेतला. भांडली नाही. तो माणूस त्या घरात आहे तोवर मुलगी पाठवणार नाही, म्हणाली. "माझ्या जागी तू असतास तर पाठवली असतीस?"
नसती पाठवली.
जूनच्या आत कळवायचं. नाहीतर मनू पुण्याला मामाकडे. बारावी झाली की ती कुठं जाईल कोण जाणे. म्हणजे आहेत ती ही दोनच वर्षं.

११ एप्रिल
विलासला सांगितलं. शिरोलीच्या एका फौंड्रीत सुपरवायझर, वयानं माझ्यापेक्षा मोठा. वाटणीवरून भावाशी बिनसलं म्हणून दिवाळीपर्यंत राहतो म्हणाला होता. दिवाळी गेली, शिमगाही गेला. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, उठून चहा केला, मला आधी दिला.
"पोरगी येऊ दे की सर. मी काय खातोय व्हय तिला? पण मी जाणार न्हाय. कागदावर नाव हाय माझं." मग बशीत चहा ओतता ओतता, "मी तर नगो म्हणलतो. तुम्हीच घातलासा."
खरं आहे. करार नोंदवताना घरमालक आण्णा सांगत होते, एकाच्या नावावर होऊ दे. एजंटही तेच म्हणाला. मीच अडून बसलो. राहणार दोघं, तर कागदावर दोघं, पोलिसांकडं माहितीही दोघांची. त्या दिवशी फार स्वच्छ वाटलं होतं. येताना पेढे आणले होते.

१३ एप्रिल
खाली आण्णांकडं गेलो.
"कुलूप बदला की ओ. कामावरनं येईल, दारात उभा राहील, दुसऱ्या दिवशी सामान न्हेईल. हाय काय त्यात?" त्यांच्या पत्नी आक्का आतून म्हणाल्या, त्याचं अंथरूण गच्चीवर टाका, वळवाचा एक पाऊस झाला की जातोय आपोआप. दोघं हसले. मीही हसलो, हे बरं केलं नाही.
महाद्वार रोडला जाऊन कुलूप पाहिलं. हातात घेतलं, परत ठेवलं. दुकानदार म्हणाला, पावणं, घ्यायचं नव्हतं तर उघडून कशाला बघितलासा?

१५ एप्रिल
वकीलबाईंना भेटलो. माझी जुनी विद्यार्थिनी, अजून 'सर' म्हणते, पण बोलणं आता स्वच्छ वकिली. कुलपाला हात लावू नका. त्याला बाहेर ठेवलं आणि तो पोलिसांत गेला, तर बेकायदा वागलेले तुम्ही ठराल. करारात दोघं बरोबरीचे. एका भाडेकरूला दुसऱ्याला काढता येत नाही, ते काम मालकाचं. मालकालाही कारण लागतं, नोटीस लागते. मुदत संपली की मालक हवा त्याच्याशी नवा करार करू शकतो. तोपर्यंत गोडीगुलाबीनं घ्या.
मुदत ऑगस्टअखेर. मनूचा प्रवेश त्याआधी.
करारातली एखादी अट मोडली असेल तर? विचारलं. ती म्हणाली, मालक करार संपवू शकतो, पण करार एकच आहे. संपला तर दोघांचा. "कुठली अट मोडलीय, सर?"
बघून सांगतो म्हटलं.

१६ एप्रिल
बघायचं काय आहे. घरात मांसाहार करायचा नाही ही अट. आण्णा जैन आहेत, अट त्यांनी सही करायच्या आधीच सांगितली होती. अंडं त्यात धरायचं का, हेही मीच खोदून विचारलं होतं. "धरायचं की," आण्णा म्हणाले.
विलास रविवारी ऑम्लेट करतो. खिडक्या बंद, पंखा जोरात. कचऱ्याची गाडी येते तेव्हा आण्णा फाटकात उभे असतात, म्हणून टरफलं वर्तमानपत्रात बांधून माझ्या बॅगेत. ती पुडी मी कॉलेजच्या कचरापेटीत टाकतो. वर्गात शिरताना बॅग जरा लांब धरतो.
आणि खातोही.

२० एप्रिल
आज नको म्हटलं. त्यानं तरी ताट पुढं सरकवलं. पोरीच्या काळजीनं उपाशी ऱ्हाऊ नगा, म्हणाला. खाल्लं. ज्याला घालवायचं त्याच्याच हातचं. लिहितानाही संताप येतोय. त्याचा की माझा, ते...

२४ एप्रिल
आण्णांच्या कानावर घातलं. विलास वर अंडी करतो, एवढंच बोललो.
आण्णा चिडले नाहीत, उलट खूश झाले. मी तसं लिहून द्यायचं. ते दोघांचा करार मोडणार, आणि विलास निघाला की माझ्या एकट्याच्या नावानं नवा. "तुम्हाला कोण काढतंय, सर? तुम्ही सरळ माणूस."
जिना चढताना वाटलं, सुटलो.

२५ एप्रिल
'विलास यांनी घरात अंडी शिजवली.' शब्द न् शब्द खरा. मी कधी शिजवलेली नाहीत. मी खाल्ली का, ते आण्णांनी विचारलेलंच नाही. विचारलं नाही ते सांगायचं कशाला?
चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. मनूला राहायला खोली मिळते आहे आणि मी इथं क्रियापदं मोजत बसलोय. नीता हेच म्हणायची: तुझा प्रामाणिकपणा तुला एकट्याला परवडतो, घराला नाही. तेव्हा फार लागलं होतं.

२७ एप्रिल
सांगून टाकलं. मीही खातो म्हटलं.
आण्णा हळू आवाजात म्हणाले, "मला कशाला सांगितलासा ओ? मी डोळं झाकून घेणार होतो."
स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं. आक्कांनी ऐकलं होतं. आता आण्णांच्याही हातात काही राहिलं नाही. जागा दोघांनीही बघायची. नोटीस देतो म्हणाले. 'सर' म्हणाले नाहीत.

२९ एप्रिल
विलास: "तुम्ही खाल्ल्याचं कशाला सांगितलासा? माझं एकट्याचं सांगून मोकळं व्हायचं." वर हसला. तो जाणार नाही. नोटीस येऊ दे, मुदत संपू दे, मग बघू. "तुम्ही बी बसा की. कोण उचलून बाहेर टाकतंय?"
वकीलबाईंना फोन केला. त्यांचंही तेच. नोटिशीच्या मुदतीपर्यंत मला राहता येईल, तो माझा हक्क आहे. मुदतीनंतरही कुणी हललं नाही तर आण्णांना सरकारी अधिकाऱ्याकडं अर्ज करावा लागेल, त्याला वेळ जातो. काळजी करू नका, सर.
म्हणजे राहायचा हक्क मला पुरेपूर आहे, विलाससकट. मनू येईल असं घर करायचा हक्क कुठल्या कलमात नाही. त्या घरातून मी काढू शकतो असा माणूस एकच: मी.
विलासचं काय होईल हाही विचार आला. त्याच्या भावाचं दार बंद आहे. पण तो विचार आज पुढं नेला नाही. नेला की मी इथंच राहतो.

३ मे
दोन जागा पाहिल्या. पहिल्या ठिकाणी विचारलं, फॅमिली आहे ना? मुलगी आहे म्हटलं. मिसेस? नाही म्हटलं. मग कळवतो म्हणाले.
दुसरी पाचगाव रोडला. दोन खोल्या, मागं पेरूचं झाड, पाणी एक दिवसाआड. मालकीणबाई एकट्या, जिभेला हाड नाही. सगळं खरं सांगितलं, अंड्यांसकट. त्या म्हणाल्या, "अंडी खावा न्हायतर कोंबडी पाळा, मला काय. पण पोरीला घेऊन या. तिला जागा पटली तर देते. एकट्या बाप्याच्या शब्दावर मी देत न्हाय."
संध्याकाळी विलासला सांगितलं. त्यानं फोन बंद केला, हे पहिल्यांदाच. "मला टाकून चाललासा व्हय?" मग थोड्या वेळानं, "तिथं एक खोली जास्तीची बघा की सर."
हसू आलं. त्याचाच राग येऊन आत गेलो.

४ मे
आण्णांना मी जागा सोडतोय असं लेखी द्यायचं आहे. वकीलबाई म्हणतात, नुसतं निघून गेलात तर कागदावर नाव राहील. देईन. पण पाचगावची जागा मिळण्याआधी दिलं आणि ती मिळाली नाही तर... आणि मनूला नाही आवडली तर? तिला सांगलीत स्वतःची खोली आहे. ती माझ्याकडे राहीन म्हणाली तेव्हा डोळ्यापुढं हे घर होतं, दोन खोल्या आणि एक दिवसाआड पाणी नव्हे. तिनं नाही म्हटलं तर त्यावर मात्र कुणाकडं अर्ज करता येणार नाही.
नीताला अजून काही बोललो नाही. आधी नीताला सांगणं बरोबर, की आधी मनूला? दुपारपासून तेच चाललंय डोक्यात.

उद्या: मनूला फोन. जागा बघायला येतेस का, विचारणे.