चहाची रंगीत तालीम

सोलापूर,
रविवार, संध्याकाळ

प्रिय सुबोध,

फोनवर मी फार मोजकं बोलते, अशी तुझी तक्रार असते. आज मोजकं जमणार नाही, म्हणून कागद घेतला. आत्ताच होटगीच्या पुढचा तो राजवाडा बघून आले. तोच, जिथे तुझ्या आईंनी पुढच्या रविवारी दुपारच्या चहाचं टेबल राखून ठेवलंय, आपल्या दोन्ही घरांची भेट व्हावी म्हणून. माझे आई-आबा येणार की नाही, याची त्या वाट बघताहेत. ते सांगतेच, पण आधी दरबार हॉलबद्दल सांगू दे, नाहीतर मला चैन पडणार नाही.

सुबोध, मधे एकही खांब नाही! मी लेसरने मोजलं, अकरा मीटर वीस सेंटीमीटर. लोखंडी तुळयांवर विटांच्या चपट्या कमानी, चुन्यात बांधलेल्या, आणि इतक्या वर्षांत केसाएवढीही भेग नाही. कॉलेजात आमच्या पुस्तकाने ही पद्धत अर्ध्या पानात उरकली होती. मी मान वर करून इतका वेळ उभी होते की माहिती सांगणाऱ्या मुलीने विचारलं, "मॅडम, चक्कर येतेय का?"

एकटी नव्हते गेले. आई-आबांना सांगोल्याहून बोलावलं होतं, ऑफिसातून पास मिळालेत असं सांगून. मेंढरं माझ्या चुलतभावाकडे, भारतदादाकडे सोपवून दोघं आले. पास वगैरे काही नव्हते. मला तालीम घ्यायची होती. पूल वाहतुकीला खुला करण्याआधी आम्ही त्यावर वजन ठेवून बघतो, तशी. दोन दिवस खोलीवर आईला शिकवत होते, की कपाचा कान धरायचा, चहा बशीत ओतायचा नाही, भुरक्याचा आवाज नाही. आई म्हणाली, "च्याच प्यायचाय न्हवं? का परीक्षेला बसवतीस मला?" मी कप पुन्हा भरून तिच्यापुढे ठेवला.

पहिला गोंधळ फाटकातच झाला. तिकिटं घेऊन वळले तर आबा गायब. सापडले ते मागच्या दाराशी, वहाणा काढून उभे. पूर्वी उन्हाळ्यात ते मेंढरं घेऊन इकडे यायचे. राजवाड्याच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी मिळायची, आणि ती मिळायची मागच्या दारी. पाय आपोआप तिकडे वळले, म्हणाले. तिथले म्हातारे माळी कुंडलिक त्यांना बघून ओरडलेच, "बाळासो! मेंढरं कुटं सोडलीस?" आबा म्हणाले, "पोरीनं पास आणलाय. आज मीच चरायला आलोय." दोघं खांद्यावर थापा मारत हसत होते आणि मी घड्याळ बघत होते. चारचा चहा होता.

चहा व्हरांड्यात मांडला होता. तीन मजली ताटल्या, काकडीची सँडविचं, केक, आणि सोलापूरची खासियत म्हणून शेंगापोळी. आईने कपाचा कान धरला, अगदी शिकवला तसा, आणि गरम घोट एकदम घेतला. आवाज अजिबात नाही. डोळ्यांत मात्र पाणी आलं, तोंड पोळलं होतं. तरी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "बराबर धरला न्हवं?"

साइटवर कुणाची चूक झाली तर मी दोन ओळींत अहवाल लिहिते. ही चूक माझी होती आणि मला एक ओळही सुचेना. आबांनी आईचा चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी तिच्यापुढे सरकवली. शेजारच्या टेबलावरच्या बाई बघत होत्या. मी माझाही चहा बशीत ओतला आणि जोरात भुरका मारला. मग आईला धीर आला. तिने तीन शेंगापोळ्या खाल्ल्या आणि वाढणाऱ्याला ऐकवलं, "गूळ कमी पडलाय बाबा." गंमत म्हणजे तो आत जाऊन आचाऱ्यालाच घेऊन आला! मग शेंगा किती भाजायच्या यावर पाऊण तास चर्चा. इतकी हसले मी, की तुला ओळखू आले नसते.

आता खरं ते सांगते. दोन महिने मी तुला म्हणत आले, की त्यांना सवड नाही, मेंढरं लांब गेलीत, त्यांची तयारी नाही. तयारी माझी नव्हती. मी त्यांना तुझ्याबद्दल काही सांगितलंच नव्हतं. आज परतीच्या एसटीची वाट बघताना सांगितलं, तुझं नाव, काम, घर, सगळं एका दमात. आई म्हणाली, "तरीच!" आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. आबांनी तुझ्याबद्दल एकच विचारलं, "चालतो किती?" त्याचं उत्तर तूच येऊन द्यायचंस. तेव्हा तुझ्या आईंना कळव, रविवारी आम्ही तिघं नक्की येतोय. आणि तू शनिवारी सकाळीच सांगोल्याला ये. मेंढरं सध्या वस्तीपासून बारा किलोमीटरवर आहेत. बूट चांगले घाल. आबा वाटेत कुणासाठी थांबत नाहीत.

शनिवारी सांगोल्याच्या स्टँडवर उभी असलेली,
तुझीच,
प्रियदर्शनी