बद्रीनाथचा नकाशा, प्रती दोन

१ मार्च १९४८, सोमवार. सकाळी ९.
जालन्यापलीकडचे जग जिने पाहिलेले नाही, अशा मजसारख्या मुलीने रोजनिशी लिहावी हे धार्ष्ट्यच. त्याबद्दल आरंभीच या वहीची क्षमा मागते. परंतु पर्वतावर जाणाऱ्याने टिपणे ठेवली पाहिजेत, आणि मी जाणार आहे.
प्रोग्राम पक्का. द्वारकाआत्यांबरोबर बद्रीनाथ. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास मंदिराची दारे उघडतात, म्हणून २० एप्रिलला धावड्याहून प्रस्थान. मराठी सातवीत पहिली आले त्या दिवशी अण्णांना विचारले होते. "बघू," म्हणाले. वडील शब्दाचे पक्के आहेत. आत्या काही बोलल्या नाहीत. नको म्हणाल्या नाहीत, हे महत्त्वाचे.
परत आल्यावर माझे लग्न ठरवायचे आहे. म्हणजे प्रवास हा एकच. बर्फ पाहायचा आहे. बक्षिसाच्या नकाशांच्या पुस्तकात तो नुसता पांढरा सोडला आहे.

४ मार्च, गुरुवार.
उंचीचा सराव सुरू. बद्रीनाथ दहा हजार फुटांहून उंच. आमचे माळवद बारा फूट. शिडीच्या बाराही पायऱ्या चढले. छपरावर किंचित घेरी आली. ती उन्हाने, उंचीशी संबंध नाही. आमच्या शेळ्या राखणाऱ्या कचरूने खाली उतरवले. म्हणाला, "साळूताई, शेळीसुदिक डोळे उघडे ठिवून उतरती." उद्यापासून डोळे उघडे ठेवून.

५ मार्च.
ऊन फार. सराव नाही.

९ मार्च, मंगळवार. सायंकाळी.
ओढ्यापलीकडच्या गावातून सकाळपासून धूर. रझाकार येऊन गेले. चौदा घरे जळाली, दोन माणसे दारातच कापली. दुपारून लोक डोक्यावर भांडी घेऊन आमच्या वेशीपाशी येऊन बसले आहेत.
धूर उत्तरेस जात होता, म्हणजे वारा दक्षिणेचा. आपला रस्ताही उत्तरेचाच. पाठीमागून वारा असणे चालणाऱ्यास सुखाचे.
हे लिहिताना अक्षर वाकडे आले. टाक खराब झाला आहे. बदलावा.

१३ मार्च, शनिवार.
लालमियाँचाचांकडे कोट शिवायला टाकला. घोंगडीच्या कापडाचा, आठ खिशांचा. प्रत्येक खिसा कशाचा ते कागदावर लिहून नेले होते: सुंठ, गीतेची पोथी, सुईदोरा, टॉर्च, खडीसाखर, शिसपेन्सिल, पट्टी, आणि एक बर्फासाठी रिकामा. दुकानात बोलण्याचा धीर झाला नाही, म्हणून कागदच पुढे केला. मराठी त्यांना वाचता येत नाही. मग बोलावे लागले. चाचा खूप हसले. "बेटी, पहाडपो जा रई, की आठ दराजांची दुकान खोल रई?" म्हणाले, असा कोट त्यांनी कोतवालालाही शिवलेला नाही.
त्यांना ठाण्यातल्या शिपायांचे पुष्कळ काम आहे. तरी पाडव्याच्या आत देतो म्हणाले.

१९ मार्च, शुक्रवार.
मार्गाचा प्रश्न सुटला. जालन्याहून रेल्वेने जाण्यात अर्थ नाही. झडत्या फार होतात. धावड्याहून डोंगर ओलांडून बुलढाणा, तेथून मलकापूरचे स्टेशन, पुढे सरळ उत्तर. अडचण एकच, सरहद्दीवरचा करोडगिरी नाका. आत्यांचे तूप आणि नवी लुगडी तेथे उघडून पाहतील, जकात मागतील.
कचरूला विचारले. तो म्हणाला, "नाका कशाला लागतू? कोल्ह्याच्या खिंडीतनं निघायचं. चार सालापास्न जाऊन राह्यलो. तितं कुत्रंबी नस्तंय." त्याने अंगणात काटकीने वाटा ओढून दाखवल्या, मी कागदावर घेतल्या. पाणी कोठे, सावली कोठे, पहारा कोठे नाही.
परीक्षेप्रमाणेच भाग पाडले. एकूण आठ, धावडा ते बद्रीनाथ. शीर्षक पहिल्या पानावर. चढ-उतार ठिपक्यांनी. अक्षर सुरेख आले आहे. गावातील निम्मे अर्ज मीच लिहिते, आणि तालुक्याच्या कचेरीत माझे अक्षर पाहताच ओळखतात, असे अण्णा सांगतात.

२० मार्च.
भाग पहिल्याची दुसरी प्रत काढून कचरूस दिली. त्याने शेळ्यांमागे फिरताना अंतरे तपासावीत. कचरूस वाचता येत नाही, परंतु नकाशा वाचायचा नसतो, पाहायचा असतो. त्याने उलटा धरून पुष्कळ वेळ पाहिला. मग घडी घालून फेट्यात खोचला. "साळूताईनं मला कागुद दिला," असे त्याने दिवसभरात तीन जणांस सांगितले.

२५ मार्च, गुरुवार. धुळवड.
सकाळी रझाकार आमच्या गावात आले. तीस-चाळीस असावेत. मी धान्याच्या पेवात होते. वर झाकण, झाकणावर आत्या बसलेल्या.
त्यांना ज्वारी आणि बंदूक हवी होती. ज्वारी दिली. बंदूक आमच्याकडे कधीच नव्हती. तेच अण्णा सांगत राहिले. पेवात सगळे ऐकू येते. प्रथम अण्णांचा आवाज, मग लाकूड हाडावर बसल्याचा, मग अण्णांचा आवाज नाही. आत्या झाकणावर हलल्याही नाहीत.
बाहेर आले तेव्हा अण्णा ओसरीवर बसले होते, मांडीवर पंचा, पंच्यात चार दात. जाताना रझाकारांनी एका बैलाला गोळी घातली. कारण काहीच नव्हते. तिसऱ्या प्रहरापर्यंत तो पाय झाडत होता.
प्रस्थानास सव्वीस दिवस. दात नसल्याने अण्णांचे थंडीत
(हे वाक्य पुरे करणार नाही.)

२९ मार्च, सोमवार.
कोट मिळण्यास विलंब होईल.
काल रझाकार लालमियाँचाचांच्या दुकानात गेले. कोट मशीनवर होता. इतक्या खिशांचा जाड कोट कोणत्या बागी टोळीसाठी शिवतोस, असे विचारले. चाचा म्हणाले, "छोरी हय, पहाड देखने जा रई." त्यांना हे थट्टेचे वाटले. त्यांनी चाचांचा उजवा हात मशीनखाली धरला आणि एकाने चाक फिरवले. अंगठा आणि दोन बोटे. मग कोटाच्या बाह्या फाडल्या.
मी भेटायला गेले नाही. लोकांत बोलणे मला जमत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे.
बाह्यांवाचूनही कोट वापरता येतो.

२ एप्रिल, शुक्रवार.
आत्यांना सामानाची यादी वाचून दाखवली. त्या अण्णांसाठी कण्या शिजवीत होत्या. म्हणाल्या, "साळे, गाव जळून राह्यलंय अन् तुला बरफ पाह्यचाय? माझा बद्री ह्या चुलीपुढं बसलाय, दात पडलेला."
थकल्या आहेत. प्रवासाने बरे वाटेल. प्रस्थान २० ऐवजी २४.

६ एप्रिल, मंगळवार. दुपारी ४.
शेळ्या एकट्या परत आल्या. एकवीस. कचरू नाही.

७ एप्रिल, बुधवार.
कचरूला ठाण्यातल्या शिपायांनी कोल्ह्याच्या खिंडीत धरले. तेथे कुत्रेही नसते असे तो म्हणाला होता. आठ दिवसांपासून पहारा बसवलेला आहे. सरहद्दीपलीकडून बंदुका याच वाटेने येतात, असा त्यांचा वहीम.
फेटा सोडला तेव्हा नकाशा सापडला. फक्त भाग पहिला. धावडा ते सरहद्द. पाणी येथे, सावली येथे, 'येथे पहारा नाही'. त्या प्रतीवर शीर्षक घातले नव्हते; एकदा पहिल्या पानावर घातले की पुन्हा घालायचे नसते.
कचरूला नकाशा कशाला हवा होता? तो डोळे मिटूनही तेथून गेला असता.

८ एप्रिल, गुरुवार.
ठाण्यात शिपायांचे शिवलेले कपडे पोचवायला लालमियाँचाचा गेले होते, डाव्या हाताने गाठोडे धरून. तेथले पाहून आले, मग आमच्या ओसरीवर येऊन बसले. मी दाराआड उभी होते.
कचरूस चिंचेला उलटे टांगले आहे. तळपायांवर वेत. ठाण्याचा अमीन, म्हणजे फौजदार, विचारतो, हे कोणी काढले? कचरू म्हणतो, मीच. अमीनने खाली उतरवून पेन्सिल दिली, काढून दाखव. कचरूने कागदावर एक शेळी काढली. शेळी चांगली होती, असे चाचा म्हणाले. मार वाढला.
एकदाही त्याने माझे नाव घेतले नाही.
अमीनने शनिवारपर्यंत मुदत दिली आहे. नकाशा काढणारा कळला नाही तर शनिवारी दुपारी कचरू रझाकारांच्या हवाली. त्यांच्याकडून कोणी परत आलेले नाही. चाचा म्हणाले, "अमीन बुरा आदमी नै. पर उसकू लिखा हुआ होना. जबानी बात वो मानताच नै."

९ एप्रिल, शुक्रवार. दुपारी १.
अण्णा तोंडातून नीट बोलू शकत नाहीत. खुणेने आणि तुटक शब्दांत म्हणाले: ती पहिली प्रत जाळ. वही जाळ. अक्षर ओळखतील. तू गप ऱ्हा.
मान्य. पाच वाजता जाळणार.

सायंकाळी ५.
चूल पेटलेली आहे. पहिली प्रत हातात. आठही भाग, वर ठळक: 'धावडा ते श्रीक्षेत्र बद्रीनाथ'. ही जळाली की कचरूच्या फेट्यातला कागद बंदुकांचाच नकाशा ठरेल.
जाळले नाही. धूर डोळ्यांत जात होता म्हणून. उद्या.

१० एप्रिल, शनिवार. गुढीपाडवा. सकाळी ६.
नाही. धूर डोळ्यांत जात नव्हता.
ही वही आणि पहिली प्रत अमीनसाहेबांकडे पाठवीत आहे. लालमियाँचाचा नेतील आणि मी त्यांना वाचून दाखवीन ते उर्दूत समजावून सांगतील. बाह्या नसलेला कोटही ते नेत आहेत. आठ खिसे मोजून दाखवणार म्हणतात. कचरूजवळ सापडलेला कागद या नकाशाचाच भाग पहिला आहे. दोन्ही माझ्या हातचे. अक्षर ताडून पाहावे. कचरूने फक्त विचारले तेवढे सांगितले.
वही पुरावा म्हणून जात आहे, तेव्हा तीत खोटे राहता कामा नये. म्हणून दुरुस्त्या.
४ मार्च रोजी मी बारा पायऱ्या चढले नाही. पाचव्या पायरीवर रडले. कचरूने हे कोणास सांगितले नाही.
९ मार्च रोजी टाक खराब नव्हता.
२९ मार्चनंतर चाचांना भेटायला मी गेले नाही, ते भित्रेपणाने. चाचा स्वतःच आमच्याकडे आले.
आत्या फेब्रुवारीतच नको म्हणाल्या होत्या. दोनदा. "बघू" म्हणताना अण्णांनी माझ्याकडे पाहिले नव्हते. २० एप्रिलला कोणीही जाणार नव्हते, २४ लाही नाही. भाग दोन ते आठ मी पुस्तकातून उतरवले. खरा तेवढा भाग पहिला, कारण तो कचरूचा होता.
मला उंचीची भीती वाटते.

सकाळी ७.
अण्णांना सांगितले, हे पाठवते. मग शिपाई मला नेतील. अण्णा फुटक्या ओठांनी "बघू" म्हणाले, उठले, आणि उरलेल्या एका बैलाच्या जोडीला शेजारच्या कारभारींचा बैल मागून आणून चाचांसाठी गाडी जुंपली. आत्यांनी गुढी उभारली नाही. त्यांनी माझे नवे लुगडे काढून ठेवले आहे, ठाण्यावर जाताना नेसायला.
चाचांनी वही कोटाच्या आठव्या खिशात घालायला मागितली. माझ्या यादीत तोच एक रिकामा होता, बर्फासाठी.
पाठविले: १० एप्रिल १९४८, शनिवार, सकाळी ७ वाजून ४० मिनिटे.