जोड दिसेल असा रंग

ता. ४ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. आजोबांची जुनी मोटरगाडी पुरती उघडून झाली. वाळूचा मारा करून चासीवरचा, म्हणजे खालच्या सांगाड्यावरचा, गंज काढून आणला, आता ती कारखान्यात नागडी पडली आहे. हवा दमट आहे, लवकर काही चढवलं नाही तर पुन्हा गंज धरेल. बाबांनी पावडर कोटिंग ठरवलंय. काळं, जाड, भट्टीत भाजलेलं. शनिवारी माणूस न्यायला येईल.

माझी भीती वेगळीच आहे. स्टीअरिंग बसतं तिथे चीर निघाली आणि बाबांनी ती स्वतः वेल्ड केली. आजारपणानंतर त्यांचा हात कापतो, तुला ठाऊकच आहे. जोड नागमोडी गेला. मग त्यांनी तो घासून इतका गुळगुळीत केला, की शोधूनही सापडेना. वर जाड थर बसला तर आतून चीर उघडली तरी कळणार नाही. आणि याच गाडीतून ते आईला घेऊन घाट उतरून तुझ्याकडे येणार आहेत.

ज्यांनी मला वेल्डिंग शिकवलं त्यांना हे कसं सांगू? आई म्हणते, गप्प बस, झाकली मूठ सव्वा लाखाची. तू काय ते लिही. माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी,
ठिणगी

ता. ७ सप्टेंबर

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचता वाचता चहा गार झाला. रंगाच्या दुकानात माझा जन्म गेला, म्हणून सांगते, पातळ, फिका राखाडी रंग द्या. त्यावर चीर गेली तर गंजाची तांबडी रेघ लगेच उमटते.

बाबाला मात्र सांग, की हल्ली राखाडीची फॅशन आहे. त्याला त्यातलं काय कळतंय? स्वतःच्या लग्नात दोन रंगांचे मोजे घालून उभा होता. खरं कारण सांगितलंस तर तो पुन्हा वेल्डिंगला हात लावणार नाही. माझा भाऊ आहे, मी ओळखते.
जिवाला लावून घेऊ नकोस. आईला माझी आठवण सांग.
तुझी,
आत्या

ता. १३ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. खोटं जमलं नाही गं. मी फॅशन म्हणाले आणि तिथेच अडखळले. बाबांनी विचारलं, कुणाची फॅशन. मग सगळंच सांगून टाकलं. ते भरलं ताट सोडून उठले. शनिवारी कोटिंगवाल्याला फाटकातूनच परत पाठवलं, कारण सांगितलं नाही. घरात फक्त भांडी वाजत होती. तिकडे चासीवर तांबूस झाक चढत होती आणि मी हात लावायला धजत नव्हते.

काल कारखान्यात गेले, तर बाबांनी आपला जोड ग्राइंडरने पुरता कापून काढला होता. माझा वेल्डिंगचा मुखवटा पुसून स्टुलावर ठेवलेला. म्हणाले, जोड तू घाल, चिरेवर बसवायची लोखंडी पट्टी मी धरतो. कोपरं गुडघ्यांवर टेकवून दोन्ही हातांनी धरली. पट्टी हलली नाही. हलला तो माझाच हात, एकदा.

खाली त्यांना काही लिहायचंय, म्हणून जागा सोडते. राग धरू नकोस.
तुझी,
ठिणगी

ताई, तुझं पत्र वाचलं. मोजे एकाच रंगाचे होते, तिथे उजेड कमी होता. घाटात गाडी पोरगी चालवेल, मी शेजारी बसेन. चासीला राखाडीच देतोय. पोरीचा हात एकदा हललाय, त्या जोडावर मला नजर ठेवायची आहे.