पहिला मान तुमचा

ॲडम्सटाउन, आयर्लंड, २ मे

ती. सुलेखाआत्यास,
शि. सा. न.
हसू नकोस, मी निवडणुकीला उभा आहे. आमच्या वसाहतीचा मानाचा महापौर! पक्ष नाही, पगार नाही, नुसती गळ्यात साखळी. पण अकरा वर्षं राहूनही शेजारी मला नवीन माणूसच समजतात गं. एकदा तरी इथला व्हायचंय. समोर दोघं: शेजारच्या मोयराबाई आणि पलीकडच्या कॉनरचा कुत्रा बिस्किट. कुत्र्याचा अर्ज कॉनरने गमतीत भरला होता, पण नियमांत बसला! मतदाराने तिघांपुढे पसंतीचे एक-दोन-तीन घालायचे. मत मागायला माझी जीभच रेटत नाही. काय करू?
तुझ्या लोभावर विसंबलेला,
विनय

कोल्हापूर, ११ मे

चि. विनयास,
अ. उ. आ.
कुत्र्याला घाबरतोस होय रे? मत माग, पण हावरटासारखा एक नंबर मागू नकोस. पंगतीत शिकवलंय ना, आधी समोरच्याचं पान? पहिला मान तुमच्या आवडीच्या माणसाला, मला दुसरा द्या, असं म्हण. सूनबाईलाही सांग, घरच्यांनीच पहिलं मत देणं बरं दिसत नाही.
जेवणं वेळेवर करा, आशीर्वाद आहेतच.
आत्या

ॲडम्सटाउन, १ जून

ती. आत्यास,
शि. सा. न.
तुझा शब्द पाळला. दार न् दार वाजवलं. सगळे 'ग्रँड', म्हणजे इथल्या भाषेत 'बरं, चालेल', म्हणाले आणि दिलेल्या शब्दाला जागले. दोनशे पंधरा चिठ्ठ्या, प्रत्येकीवर माझ्यापुढे दोन! एक कुठेच नाही. तुझ्या सूनबाईने, शुभदाने, पहिलं मत मोयराबाईंना दिलं, मी बिस्किटला. स्वतःलाच कसं देणार? पण इथे एक नंबरची मतं ज्याला सर्वांत कमी, तो आधी बाद. मी दोन मिनिटांत घरी. बिस्किट एका मताने महापौर झाला. म्हणजे माझ्याच!
सगळ्यांची दुसरी पसंती म्हणून मला उपमहापौर केलंय. रोज संध्याकाळी महापौरांना फिरवून आणतो. खरं सांगू? फार लागलं गं. रडलो.
आहे तसाच तुझा,
विनय

कोल्हापूर, १२ जून

चि. विनयास,
अ. उ. आ.
चूक माझी रे बाळा. जन्मभर सगळ्यांना वाढून गार जेवले, तेच तुला शिकवलं. काल सोसायटीच्या सभेत अध्यक्ष कोण, यावर सगळे 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत बसले. मी माझाच हात वर केला. सतीशभाऊजी म्हणाले, वहिनी, स्वतःलाच मत? हात दुखला, पण खाली घेतला नाही.
पुढच्या वर्षी एक नंबर माग. सगळ्यांत आधी स्वतःकडे.
तुझी आत्या,
अध्यक्ष