शेंदूर लावलेला धोंडा

जीवनदादा,

तुला दादा लिहितानाही शिसारी येते.

परवा डोंगरावरून चिखलाचा लोंढा आला आणि त्यात दोन सारखेच धोंडे खाली आले. एक तुझ्या घराच्या मागच्या भिंतीवर आदळला. भिंत तडकली, पण उभी राहिली, कारण तिच्यात खांबांना बांधलेल्या सळ्या आहेत. दुसरा तू बांधलेल्या अंगणवाडीवर आला. ती भिंत मधोमध फुटून आत कोसळली. पोरं अजून यायची होती, पण खिचडी शिजवणाऱ्या जमनाचा पाय चिरडला.

अंगणवाडीच्या सळ्या तुझ्या घरात गेल्या. हे पाड्यात आपल्या दोघांनाच माहीत आहे.

काल तू तलासरीहून नारळ आणलास, भगदाडात अडकलेल्या धोंड्याला शेंदूर फासलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "पोरांसाठी देव आडवा बसला. याला कोणी हलवायचं नाही." जमनाच्या आईने दवाखान्यातून येऊन त्याच्यावर डोकं टेकलं.

आज तपासणीचे साहेब चपला काढून लांबूनच पाया पडले. धोंडा सरकवला असता, तर त्यामागच्या विटांत सळईचा तुकडाही नाही, हे त्यांना दिसलं असतं. जाताना त्यांनी विचारलं, "सेविकाबाई, बांधकाम नीट होतं ना?"

मी हो म्हणाले.

हे पत्र मी तुला देणार नाही. वाचून तू मला शहाणी म्हणशील. शेंदूर तेलात कालवून मीच दिला होता ना, तो अजून माझ्या नखांतून निघत नाही.

तुझीच बहीण,
निलम