खडूनं लिहिलेलं नाव आणि त्याचे आठ दिवस

लिहून ठेवणारी मी, पाट्या रंगवणाऱ्याची विधवा, वय वर्षं अडुसष्ट. माझं आणि बाकी सगळ्यांचं पूर्ण नाव-पत्ता वकीलबाईंनी पहिल्या पानावर टाइप केला आहे. पुढच्या पानांवर मी माणसांना रोज हाक मारते तसंच लिहिणार आहे, कारण तसं लिहिलं तरच माझा हात सरळ चालतो. मी शुद्धीवर आहे. डॉक्टरांनी तसं वेगळ्या कागदावर लिहून दिलं आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. भीती मात्र वाटते आहे. भीती वाटल्यानं मृत्युपत्र बाद होतं का, असं मी वकीलबाईंना दोनदा विचारलं आणि त्यांनी दोन्ही वेळा नाही म्हणून सांगितलं.

परवा सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. त्यातून मी उठले नाही तर खाली लिहिल्याप्रमाणे करावं.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या एका मुलीला द्याव्यात. तिनं त्या विकल्या तरी माझी हरकत नाही. स्वयंपाकघराचं दार मात्र विकणाऱ्यानं किंवा घेणाऱ्यानं लगेच रंगवू नये. कारण कलम ५ मध्ये येईल.

कलम २. बँकेत जे असेल ते मुलीचंच. त्यातून कुत्रीच्या खाण्याची आणि औषधाची सोय तिनं करायची आहे. तसं तिनं कबूल केलं आहे. ती कुत्रीला स्वतःकडे नेऊ शकत नाही, कारण नातीला दमा आहे. यात तिचा दोष नाही आणि कोणी तिला तसं ऐकवू नये.

कलम ३. माझ्या यजमानांची हत्यारं. खारीच्या केसांचे अकरा ब्रश, हाताखाली धरायची काठी, दोरा, आणि शिडी. शिडीची चौथी पायरी हलते, ती आधी दुरुस्त करावी. हे सगळं चित्रकलेच्या शाळेला द्यावं. त्यातला सगळ्यात बारीक ब्रश तेवढा काढून चौकातल्या बोर्ड छापणाऱ्याला द्यावा. तो यजमानांना म्हणायचा, "आजोबा, तुमचं एक अक्षर होईस्तोवर माझे दहा बोर्ड लागतात." यजमान म्हणायचे, "आणि वर्षाच्या आत दहाही फाटतात." तो ब्रश त्यानं टेबलावर ठेवावा आणि अधूनमधून बघावा. एवढीच माझी त्याच्यावरची फिर्याद.

कलम ४. माझी पुस्तकं, एकशे बारा, वाचनालयाला. मी शाळेत दीडच वर्ष गेले. वाचायला शिकले ती यजमानांच्या ओल्या पाट्यांवरून. वाळत ठेवलेल्या पाट्यांवर धूळ बसू नये म्हणून मी शेजारी बसायचे, आणि बसल्या बसल्या अक्षरं जुळवायचे. मी पूर्ण वाचलेलं पहिलं वाक्य 'आत येण्यास मनाई आहे' हे होतं. वाचलं आणि मला इतका आनंद झाला की यजमान म्हणाले, "अगं, हाकलतायत तुला, हसतेस काय?" लिहिणं मात्र मी पुष्कळ उशिरा शिकले. त्यांच्या अक्षरासमोर माझं अक्षर काढायची लाज वाटायची. घरात काहीही लिहायचं असलं की लिहीत ते, वाचत मी.

कलम ५. कुत्री.

वकीलबाई म्हणाल्या, "तिचं वर्णन लिहा, म्हणजे पुढे घोळ नको." वर्णन असं: वय अडीच वर्षं, वजन साडेतीन किलो, रंग राखाडीकडे झुकणारा पांढरा, डावा कान उभा, उजवा पडलेला. अनोळखी माणूस दिसला की थरथरते. जिना उतरते, पण चढत नाही. उचलून आणावी लागते. वकीलबाईंनी विचारलं, "आणि नाव?" मी म्हटलं, "नाही." त्या म्हणाल्या, "अडीच वर्षांत नाव नाही?" त्याचं कारण इथे लिहून ठेवते.

यजमानांची कामाची एक रीत होती. कोणतंही नाव ते आधी खडूनं लिहायचे आणि आठ दिवस तसंच ठेवायचे. गिऱ्हाईक घाई करायचं, पण ते ऐकायचे नाहीत. म्हणायचे, "आठ दिवस येता-जाता वाचा. नवव्या दिवशीही बरं वाटलं तर रंग लावू. तुम्ही नसलात तरी ही पाटी इथेच राहायची आहे."

कुत्रीला त्यांनी गादीवाल्याच्या दुकानातून रंगाच्या रिकाम्या डब्यात घालून आणलं. तिलाही तोच नियम. स्वयंपाकघराच्या दारावर पहिलं नाव लिहिलं 'राणी'. आठव्या दिवशी स्वतःच पुसलं. म्हणाले, "राणी अशी थरथरत नाही." मग लिहिलं 'लोकर'. तिला आंघोळ घातली तेव्हा ती भिजून एवढीशी झाली, आणि ते म्हणाले, "हे नाव तर पहिल्याच पाण्यात खोटं पडलं." तरी आठ दिवस भरू दिले.

त्यानंतरच्या सकाळी ते कामाला निघताना म्हणाले, "दार बघून घे." मी कपडे धूत होते. म्हटलं, "बघते मग." त्या दिवशी ते शिडीवरून उतरले, पायरीवर बसले, आणि बसलेलेच राहिले. मी दोन दिवसांनी घरात पाय ठेवला तेव्हा दार स्वच्छ होतं. नणंदबाईंनी, म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहिणीनं, ते गेले त्याच दिवशी, माणसं येणार म्हणून घर पुसून काढलं होतं.

तेव्हापासून मी असं धरून चालले की तिसरं नाव दारावर होतं, तेच खरं होतं, आणि ते मी वाचायच्या आत पुसलं गेलं. दुसरं नाव ठेवायला माझं मन धजेना. 'ए बाई', 'इकडे ये गं' यावर दोन वर्षं निघाली. ती माझ्या आवाजाला यायची, आणि आवाज होता तोवर नावाची गरज पडली नाही.

मग दोन महिन्यांपूर्वी तपासण्यांसाठी मला दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. कुत्री समोरच्या दारच्या कंपाउंडर भाऊजींकडे होती. भाऊजींनी चाळीस वर्षं दवाखान्यात पुड्या बांधल्या. गेल्या साली त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्यांना आवाज नाही, नुसता श्वास आहे. जवळ बसलं तर सगळं कळतं. कुत्री त्यांच्या दारातून निसटली आणि जिन्यानं खाली रस्त्यावर गेली. भाऊजी मागे धावले. काय म्हणून हाक मारणार आणि कशानं मारणार? रस्त्यावरच्या लोकांनी शीळ घातली, टाळ्या वाजवल्या, त्यानं ती आणखी घाबरली. तीन तासांनी एका उभ्या टेम्पोखाली सापडली. पुढच्या उजव्या पायाची दोन नखं तुटली होती.

भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, मी रस्त्यात तोंड उघडून उभा होतो. लोकांना वाटलं, मलाच काहीतरी होतंय."

ते हसले. मला हसू आलं नाही. मी ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, कुत्रीला नाव नाही म्हणून तू झडप बदलत नाहीयेस? डॉक्टरांना काय सांगू मी?" मी म्हटलं, "सांग, घरात काम आहे."

म्हणून भाऊजींच्या नुसत्या श्वासात मावेल असं नाव हवं होतं. मी त्यांना दारात उभं करून जुनी नावं म्हणायला लावली. 'राणी' दोन पावलांवर विरून गेलं. 'लोकर' माझ्यापर्यंतही पोचलं नाही. कुत्री त्यांच्याकडे पाठ करून बसलेली. मी जवळ गेले तेव्हा भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही झोपता का नीट?" मी नाही म्हटलं आणि आत वळले. ते म्हणाले, "खसखस घ्या. दुधात वाटून. खसखस."

ते मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. कुत्रीचा डावा कान वळला. ते मी पाहिलं.

रंगही खसखशीचाच, आणि तीही तशीच इवलीशी. पण दारावर नवं नाव लिहायचं तर यजमानांचं तिसरं काय होतं ते कळायला हवं होतं. त्यासाठी मला नणंदबाईंकडे जावं लागलं.

कलम ६. नणंदबाई.

यांच्याशी मी दोन वर्षं बोलले नव्हते. त्यांच्या घरी गेले, चपला पायातच ठेवल्या आणि विचारलं, "वन्सं, दारावर काय लिहिलेलं होतं?"

त्या म्हणाल्या, "काही नव्हतं."

"तुम्ही पुसलंत."

"धूळ पुसली. दार धुतलेलं होतं गं, कोरं. त्यानंच धुतलं असणार, खाली पाणी होतं. कडीला तेवढी खडूची कांडी बांधलेली होती. ती ओल्या दाराला लागून डाग पडत होता, म्हणून काढून तुझ्याच ड्रॉवरमध्ये टाकली."

मी म्हटलं, "हे दोन वर्षं सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे? 'का पुसलंत' एवढं म्हणालीस आणि फोन आपटलास. मला वाटलं, भाऊ गेलाय, हिला कुणावर तरी रागवायचंय, तर रागावू दे माझ्यावर." मग म्हणाल्या, "बस आता. का उभ्यानंच जायचंय?"

मी बसले.

ती खडूची कांडी मी त्या ड्रॉवरमध्ये किती वेळा पाहिली होती. नणंदबाईंचा कचरा समजून बाजूला सारली होती. घरी येऊन बाहेर काढली. अख्खी होती, एकदाही न वापरलेली. पाट्या आखायच्या दोऱ्यानं बांधलेली. दोरा कडीला लावून बघितला तर खडू माझ्या हाताच्या उंचीवर आला. यजमान माझ्यापेक्षा वीतभर उंच होते, आणि स्वतःचा खडू ते खिशात ठेवायचे.

नाव त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं आणि मी त्या सकाळी दार पाहिलं नव्हतं. याला काही करता येत नाही. लिहून ठेवते, एवढंच.

नणंदबाईंना माझी शाल, शिवणाचं यंत्र आणि माझी माफी द्यावी. माफी मी तोंडी मागितली आहे. पण त्या म्हणाल्या, "लेखी दे, तू फोन आपटतेस."

कलम ५ पुढे चालू. मध्येच नणंदबाई आल्या, त्याबद्दल वकीलबाईंनी राग मानू नये.

मी दारावर माझ्या अक्षरात 'खसखस' लिहिलं. दुसरा 'ख' पहिल्यापेक्षा मोठा झाला आहे. नवी तारीख घेतली, बरोबर आठ दिवस हाताशी ठेवून. पहिले चार दिवस काहीच नाही. मी म्हणायचे, ती बघायची. भाऊजी त्यांच्या दारातून म्हणायचे, ती माझ्या पायात शिरायची. पाचव्या दिवशी मी फडकं ओलं केलं. तेवढ्यात मुलीचा फोन आला. तिला सांगितलं तर म्हणाली, "बाबांनी कधी पाचव्या दिवशी पुसलं होतं का?" फडकं पिळून वाळत घातलं. सहाव्या दिवशी कान वळला. सातव्या दिवशी ती दोन दारांच्या मधोमध गेली, थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि परत आली. काल मला झोप लागली नाही. खसखस घेऊनही.

कुत्रीचा ताबा भाऊजींकडे द्यावा. त्यांना जमेनासं झालं तर नणंदबाईंकडे. त्या कबूल आहेत, फक्त "तिला पलंगावर घेणार नाही" म्हणाल्या. घेतील.

सूचना: पाणी रोज बदलावं. तुटलेल्या नखांची जागा थंडीत दुखते, तिथे खोबरेल लावावं. मोठा आवाज झाला तर ती टेबलाखाली जाते, तिथून ओढून काढू नये, शेजारी बसावं. जिन्याचं दार लावून घ्यावं. लावलं असं वाटलं तरी परत बघावं. मी गेल्यावर ती काही दिवस माझ्या दाराशी बसेल. बसू द्यावं. मग हाक मारावी, एकदाच, नावानं. गयावया करू नये, तिला ते कळतं आणि ती आणखी घाबरते.

मी परत आले तर दारावरच्या अक्षरांना मीच रंग लावीन. नाही आले तर खडू तसाच ठेवावा.

कलम ७. हे सही करण्याआधी लिहिते आहे. आज आठवा दिवस. साक्षीदार म्हणून रंगाच्या दुकानाचे मालक आणि वाचनालयातल्या बाई आल्या आहेत. ज्याला काही मिळणार त्यानं साक्ष करायची नसते, म्हणून भाऊजी आपल्या दारात बसून आहेत. वाचनालयाला पुस्तकं मिळणार, पण बाईंना स्वतःला काही नाही. हेही मी वकीलबाईंना दोनदा विचारून घेतलं आहे. कुत्री माझ्या मांडीवर होती आणि अनोळखी माणसं बघून थरथरत होती.

भाऊजींनी हाक मारली. दुकानाचे मालक म्हणाले, "कोणी काही बोललं का?"

ती मांडीवरून उतरली. दोन दारांच्या मधोमध थांबली नाही. माझ्याकडे वळून न बघता समोरच्या दारात गेली आणि भाऊजींच्या पावलावर हनुवटी ठेवून बसली.

माझी मांडी अजून ऊबदार आहे. मला हेच हवं होतं. आता सही करते.

लिहून ठेवणारीची सही: (केली. डाव्या अंगठ्याची गरज नाही, मला लिहिता येतं.)

साक्षीदारांचा मजकूर: वरील बाईंनी आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली. खसखस हाकेला गेली, तेही आम्ही दोघांनी पाहिलं.

साक्षीदार १: रंगाच्या दुकानाचे मालक. सही.
साक्षीदार २: वाचनालयातल्या बाई. सही.

ठिकाण: स्वयंपाकघर, दाराजवळ.
तारीख: पहिल्या पानावर आहे तीच. खडूचा आठवा दिवस.